गुडघ्याला तारीख कळत नाही

मार्चअखेरीस माझ्या वडूजच्या दवाखान्यात अकरावीतली एक मुलगी फेरतपासणीला आली. कबड्डीपटू. चढाईला गेली की समोरचा कोपरा दोन पावलं मागे सरकायचा, असं तिच्या गावात सांगतात. पाच महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. तिनं आत येताच मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र उतारावरून एक बाई बाणासारखी खाली येत होती.

“सर, ही चाळीस वर्षांची आहे. हिचा गुडघा टायटॅनियमचा आहे. ही पळते, मग मला कबड्डी का नको?”

सोबत वडील होते. पुसेगावच्या बाजूला त्यांची बटाट्याची शेती आहे. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हिनं हा व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवलाय. आता तुम्हीच काय ते सांगा.”

त्या बाईचं नाव लिंडसी वॉन. अमेरिकेची स्की-शर्यतपटू. आमच्या खटाव-माण पट्ट्यात बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबतात पडतो तेवढाच. तरीही त्या मुलीचा प्रश्न मी टाळू शकलो नाही. त्या दिवशी थोडक्यात उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आता शाळा सुरू झाल्या आहेत, थोड्याच दिवसांत शालेय स्पर्धांचे तक्ते लागतील, आणि दरवर्षीप्रमाणे सुजलेले गुडघे दवाखान्यात येऊ लागतील. म्हणून ते उत्तर आज सविस्तर देतो.

सव्वाशेचा वेग आणि करंगळीएवढी दोरी

डाउनहिल ही स्कीच्या शर्यतींतली सर्वांत वेगवान शर्यत. डोंगरमाथ्यावरून निघायचं आणि पायथ्याला पोहोचायचं. जो कमी वेळात पोहोचेल तो जिंकला. पायांत लांब पट्ट्या, घोट्यापासून वर नडगी आवळून धरणारे टणक बूट आणि डोक्यावर हेल्मेट. वेग ताशी १२०-१३० किलोमीटरपर्यंत सहज जातो. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या उतारावर २०१३ साली फ्रान्सच्या योहान क्लारे याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर नोंदवला गेला. आपल्या महामार्गावर मोटारीलाही एवढा वेग चालत नाही. इथं तर माणूस उघडा असतो.

भारतातही या खेळाची माणसं आहेत. गुलमर्गचा आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. मनालीच्या आंचल ठाकूरनं २०१८ साली तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. दोघंही वळणावळणांच्या स्की-शर्यतींतले. पण बर्फ असो की माती, शेवटी सगळा भार येतो तो गुडघ्यावर.

गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधणारी एक दोरी असते. वैद्यकीय भाषेत तिला एसीएल म्हणतात. लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगी पुढं सरकू न देणं आणि गुडघ्याला भलत्या दिशेनं पिळू न देणं, हे तिचं काम. तरुण माणसाची ही दोरी सुमारे दोनशे किलोंचा ताण सहन करते. ताण त्याहून वाढला, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत, की ती तुटते. कातडीची जखम भरते, हाड जुळतं. ही दोरी मात्र पूर्ण तुटली की सहसा आपोआप सांधत नाही.

स्कीपटूंची ही दोरी कशी तुटते, याचा नॉर्वेच्या संशोधकांनी शर्यतींच्या चित्रफिती संथ गतीनं पाहून अभ्यास केला. वळणावर बाहेरच्या पायाची स्की क्षणभर बर्फावरून सुटते. खेळाडू तोल सावरायला पाय लांबवतो. तेवढ्यात स्कीची धारदार कड बर्फात एकदम रुतते. कड जागेवर, शरीर पुढं, आणि मधला गुडघा आत वळून पिळला जातो. बूट इतके टणक असतात की घोटा वाचतो. घोट्यानं नाकारलेला भार गुडघ्याच्या वाट्याला येतो. बहुतेक वेळा खेळाडू पडण्याआधीच दोरी तुटलेली असते.

आता कबड्डीचं मैदान आठवा. आमच्याकडे सराव मातीवर होतो आणि पुढच्या फेऱ्यांचे सामने मॅटवर, बूट घालून. मातीत पाय थोडा घसरतो, त्या घसरण्यात पिळाचा जोर निघून जातो. मॅटवर बूट पकडतो. चढाईपटू बोनस घेऊन झटक्यात मागे वळतो, पाऊल जागेवर राहतं आणि वरचं अंग फिरतं. बर्फावर कड धरते, मॅटवर बूट धरतो. गुडघ्याला दोन्ही सारखंच. माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. ती एकटीच वळली होती. “कट् असा आवाज मलाच ऐकू आला,” ती म्हणाली होती.

त्यातही मुलींचा धोका जास्त. वळणं-उड्यांच्या खेळांत, सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत मुलींची एसीएल तुटण्याचं प्रमाण किमान दुप्पट आढळतं. शरीराची ठेवण, स्नायूंची ताकद, उडी मारून उतरताना गुडघे आत झुकणं, अशी अनेक कारणं आहेत. यातली शेवटची दोन कारणं सरावानं बदलता येतात, हे ध्यानात ठेवा. पुढं त्याचाच विषय आहे.

वॉनच्या गुडघ्याची खरी गोष्ट

मोबाइलवरचा तो व्हिडिओ दीड मिनिटाचा होता. त्याच्या मागं पंचवीस वर्षांची कारकीर्द आहे आणि ती व्हिडिओत दिसत नाही.

वॉननं २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं सुवर्ण जिंकलं. २०१९ साली निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर विश्वचषक मालिकेतल्या ८२ शर्यतींचे विजय होते, त्यांतले ४३ डाउनहिलचे. मालिकेचं सर्वंकष अजिंक्यपद तिनं चार वेळा मिळवलं. हा झाला कारकिर्दीचा एक हिशेब.

दुसरा हिशेब असा. फेब्रुवारी २०१३मध्ये ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगच्या जागतिक स्पर्धेत ती पडली. उजव्या गुडघ्याची एसीएल तुटली, आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं, नडगीच्या हाडाचा वरचा भाग मोडला. शस्त्रक्रिया झाली. पुढचं ऑलिम्पिक रशियातल्या सोची इथं होतं, फेब्रुवारी २०१४मध्ये. म्हणजे बरोबर एक वर्ष हातात. जगातले उत्तम शल्यविशारद, स्वतःचे फिजिओथेरपिस्ट, व्यायामशाळा, पैसा, सगळं दिमतीला. नोव्हेंबरमध्ये ती सरावाला उतरली आणि पुन्हा पडली, त्याच गुडघ्यावर. तरी डिसेंबरमध्ये शर्यतीत भाग घेतला. फ्रान्समधल्या एका उतारावर गुडघ्यानं दगा दिला. जानेवारीत तिनं जाहीर केलं की सोचीला जाता येणार नाही, आणि गुडघा पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला.

ती पुन्हा उभी राहिली. २०१८मध्ये, ३३व्या वर्षी, प्योंगचांगला कांस्य मिळवलं. पण त्यानंतर डाव्या गुडघ्याचं एक लिगामेंट गेलं. २०१९मध्ये स्वीडनमध्ये शेवटचं कांस्य घेऊन ती थांबली. शरीर आता साथ देत नाही, हेच तिच्या निवृत्तीचं कारण होतं. नंतरची पाच वर्षं उजवा गुडघा दुखतच राहिला. एप्रिल २०२४मध्ये त्या गुडघ्याचा झिजलेला भाग काढून तिथं टायटॅनियमचा कृत्रिम भाग बसवला गेला. वेदना थांबली, म्हणून तिला पुन्हा शर्यतीची इच्छा झाली. मार्च २०२५मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीला ती दुसरी आली, चाळिसाव्या वर्षी. तेव्हा फेब्रुवारी २०२६मधल्या इटलीच्या ऑलिम्पिकवर तिचा डोळा होता.

त्या मुलीनं पाहिला तो हा शेवटचा प्रसंग. यातून दोन चुकीचे धडे घेतले जातात. पहिला : टायटॅनियमचा गुडघा म्हणजे नवा, जास्त मजबूत गुडघा. तसं नाही. कृत्रिम सांधा हा झिजलेल्या सांध्याची वेदना घालवण्यासाठी असतो. वॉनच्या सांध्यात जो भाग बसवला, तो तिला चाळिशीच्या उंबरठ्यावर लागला, कारण विशी-तिशीत गुडघ्यावर एवढं काही गुदरलं होतं. सांधेबदल झालेल्या माझ्या साठीतल्या रुग्णांपैकी दोघांनी मला याच व्हिडिओवरून विचारलं की आता डोंगर चढायला हरकत नाही ना. चाला, सायकल चालवा, पोहा, टेकडी चढा, नक्की. पण ती बाई अपवाद आहे आणि तिच्या पाठीशी अख्खं पथक आहे, हे विसरू नका.

दुसरा चुकीचा धडा जास्त घातक आहे : जिद्द असली की गुडघा ऐकतो. वॉनइतकी जिद्द फार थोड्यांकडे असेल. तिचाही गुडघा २०१३मध्ये ऐकला नाही. कारण परतायची तारीख ऑलिम्पिकच्या वेळापत्रकानं ठरवली होती. गुडघ्याला तारीख कळत नाही. त्याला फक्त भार कळतो.

आपल्या जिल्ह्यातला गुडघा

हे सांगायला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आणि १९५२च्या हेलसिंकीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. लोकवर्गणीतून ते हेलसिंकीला गेले, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. १९५५मध्ये ते पोलिस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी होती. पण गुडघ्याच्या दुखापतीनं ते स्वप्न संपवलं. तेव्हा खाशाबांचं वय तिशीचं होतं. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं.

त्या काळात गुडघ्यात दुर्बीण घालून पाहण्याची सोय सर्रास नव्हती, एमआरआयचा शोध लागायचा होता, तुटलेली दोरी नव्यानं बांधण्याची शस्त्रक्रिया आजच्यासारखी रुळलेली नव्हती. गुडघा गेला की पैलवान गेला. आज या सगळ्या सोयी साताऱ्यात आणि कराडमध्ये आहेत. तरीही खटाव-माणमधले कितीतरी तरुण गुडघे खाशाबांच्याच काळात अडकले आहेत, असं मला वाटतं. आणि त्याचं कारण केवळ पैसा नाही.

आमच्या मुलीचंच पाहा. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गेल्या ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धेत तिचा गुडघा वळला. दोन तासांत नारळाएवढा सुजला. घरी आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लागला. कुणीतरी मुरगळ काढणाऱ्याकडे नेलं, त्यानं पाय ओढून दिला. एक्स-रे काढला, त्यात हाड शाबूत होतं. “काही नाही, मुरगळलाय,” असा निष्कर्ष निघाला. एक्स-रेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही, हे कुणी सांगितलं नाही. दहा दिवसांत सूज उतरली. ती चालू लागली, पळूही लागली. सरळ रेषेत पळताना एसीएलची उणीव फारशी भासत नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं बरं झालं. जिल्हा स्पर्धेत गुडघ्याला पट्टी बांधून ती उतरली आणि संघ जिंकला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तिच्या फोटोखाली लिहिलं होतं की दुखापत असतानाही मैदान गाजवलं.

विभागीय स्पर्धेआधी ती माझ्याकडे आली, कारण गुडघा मधेच निसटत होता. वडील म्हणाले, “शनिवारी सामना आहे. तेवढी घट्ट पट्टी बांधून द्या, मग बघू.” मी तिला झोपवलं, मांडी एका हातानं धरली आणि नडगी दुसऱ्या हातानं पुढं ओढली. ती सैल सरकली. या तपासणीला ना वीज लागते, ना यंत्र; अर्धा मिनिट लागतो. नंतरच्या एमआरआयमध्ये दिसलं की दोरी तुटलेली होतीच, पण त्या सैल गुडघ्यावर खेळल्यामुळे हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती. ऑगस्टमध्ये एक दुखापत होती. ऑक्टोबरमध्ये दोन झाल्या. दुसरी आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती, टाळ्या वाजवून.

गादी फाटणं ही क्षुल्लक बाब नाही. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना बारा वर्षांनी तपासलं गेलं. सरासरी वय होतं अवघं ३१ आणि त्यांतल्या निम्म्या जणींच्या गुडघ्याच्या एक्स-रेत संधिवाताची झीज दिसत होती. आपल्याकडे एकतिशीतली बाई शेतात खाली बसून भांगलण करते, पाणी वाहते, लेकरू काखेत घेऊन चढ चढते. तिला वॉनसारखा टायटॅनियमचा गुडघा कोण देणार आहे?

आणि खेळाचं काय जातं? आमच्याकडे कबड्डी खेळणाऱ्या मुलीला ऑलिम्पिक दिसत नसतं. तिला दिसते पोलिस भरती. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्यावर बघा, भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. शेजारच्या माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे असतात. दरवेळी उडी, दरवेळी एका पायावर उतरणं. पुढं तिला प्रशासनात अधिकारीपद मिळालं. या पट्ट्यातल्या मुलींसाठी ‘करिअर’ या शब्दाचा अर्थ हा आहे. गुडघा गेला तर पदक जातंच, पण सोबत पगार जातो, आणि कित्येकदा ‘आता पुरे, लग्न करून टाकू’ हे वाक्य घरात येतं.

नऊ महिने आणि एक रकाना

मग करायचं काय? मला वाटतं, मोठं क्रीडासंकुल मागण्याआधी आपण चार लहान गोष्टी मागायला हव्यात. यांतल्या कोणत्याही गोष्टीला बर्फ लागत नाही.

पहिली, खेळण्याआधीची वीस मिनिटं. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं सरावापूर्वीच्या व्यायामांचा एक क्रम तयार केला. नॉर्वेमध्ये मुलींच्या संघांवर तो आजमावला, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. त्यात हलकं धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, बैठका, जोडीदारानं घोटे धरल्यावर गुडघ्यांवरून हळूहळू पुढं झुकणं, आणि उडी मारून मऊ उतरणं आहे. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवा, आत कोसळायला नको. बैठका आपल्या तालमीला नव्या नाहीत. एका पायावर नीट उतरायला मात्र आपण कुणाला शिकवत नाही. साहित्य काहीच लागत नाही. मैदान आणि शिट्टी पुरे. पण आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षभर करायला हवं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात केलेल्या व्यायामाचा उपयोग नाही.

दुसरी, एक साधा नियम. खेळताना गुडघ्यात आवाज आला, किंवा काही तासांतच गुडघा सुजला, तर त्या दिवशी खेळ बंद. पाय ओढू नका, चोळू नका. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा, आणि एक्स-रे चांगला आला तरी हातानं दोरी तपासणाऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरू नका. सूज उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे.

तिसरी, नऊ महिने. शस्त्रक्रियेत नवी दोरी बसवायला तास-दीड तास लागतो. ती दोरी शरीरात मुरायला आणि मांडीचे स्नायू परत घडायला महिने लागतात. नॉर्वे-अमेरिकेतल्या एका संयुक्त अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं एकेक महिन्यानं लांबवलं, तर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे जवळपास निम्म्यानं कमी होत गेलं. परतण्याच्या चाचण्या पार न करता खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना गुडघ्याची दुखापत पुन्हा झाली. पार केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत होतं. यातली एक चाचणी आपल्या कुठल्याही शाळेत होऊ शकते. जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. चांगल्या पायावर लंगडी उडी मारा, टेपनं अंतर मोजा. मग शस्त्रक्रियेच्या पायावर. दुसरं अंतर पहिल्याच्या ९० टक्के तरी हवं.

इथं खरी अडचण सांगायला हवी. शस्त्रक्रियेचा खर्च घर कसंबसं उभा करतं. कुणी सोसायटीतून, कुणी पाहुण्यांकडून. फिजिओथेरपीचा खर्च मात्र घराला खर्च वाटत नाही, चैन वाटते. शिवाय आठवड्यातून तीनदा एसटीनं जायचं म्हणजे मुलीबरोबर घरातलं एक माणूस जाणार, त्याचा रोजगार बुडणार. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी, स्पर्धांच्या हंगामात तरी, सरकारी फिजिओथेरपिस्ट ठरावीक दिवशी बसला पाहिजे आणि खेळाडूंना तिथं विनामूल्य मार्गदर्शन मिळालं पाहिजे. शस्त्रक्रियेला मदत करायची आणि पुढच्या नऊ महिन्यांना करायची नाही, हे विहीर खणून मोटर न बसवण्यासारखं आहे.

चौथी मागणी सर्वांत स्वस्त. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २००६च्या हंगामापासून खेळाडूंच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातून समजलं की विश्वचषकातल्या दर १०० स्की-शर्यतपटूंमागे एका हंगामात सुमारे ३७ दुखापती होतात आणि सर्वांत जास्त गुडघ्याच्या असतात. हे मोजलं म्हणूनच त्या चित्रफिती पाहिल्या गेल्या, स्कीच्या रचनेचे नियम बदलले गेले. आपल्या शालेय स्पर्धांचे निकालपत्रक मी गेली अनेक वर्षं पाहतो. त्यात संघाचं नाव असतं, गुण असतात, पंचांची सही असते. दुखापतीचा रकाना माझ्या पाहण्यात कधी आला नाही. तो एक रकाना वाढवावा. कोण जखमी झालं, कोणता अवयव, माती की मॅट, पुन्हा केव्हा खेळलं. तीन हंगामांत आपल्याला कळेल की आपली मुलं कुठं मोडतात. जे मोजलं जात नाही, त्यासाठी कुठल्याही अंदाजपत्रकात पैसा येत नाही.

माझ्या या म्हणण्यावर क्रीडाशिक्षक मित्रांचा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, “डॉक्टर, नऊ महिने थांबायचं तर पोरीचं वर्ष जातं. वयोगट बदलतो. राज्याचं प्रमाणपत्र हुकलं तर नोकरीतला हक्क हुकतो. तुम्ही गुडघा बघता, आम्ही तिचं भविष्य बघतो.” हे खरं आहे. दोष शिक्षकांचा नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं भविष्य एका शनिवारच्या सामन्यावर टांगणाऱ्या व्यवस्थेचा आहे. दुखापतग्रस्त खेळाडूला वैद्यकीय दाखल्यावर एक वर्षाची सवलत देता येईल का, याचा क्रीडा खात्यानं विचार करावा. तोवर एवढंच म्हणेन : सैल गुडघ्यावर मिळवलेलं प्रमाणपत्र घेऊन ती भरतीच्या मैदानात उभी राहील, तेव्हा ८०० मीटर प्रमाणपत्र धावणार नाही.

आणि आपण प्रेक्षकांनी, पालकांनी, बातम्या लिहिणाऱ्यांनी एक करावं. ‘जखमी असूनही खेळली’ याचं कौतुक थांबवावं. थांबली, याचंही कधी कौतुक करावं.

त्या मुलीला मार्चमध्ये मी खेळायची परवानगी दिली नाही. ती रागावली. वडिलांनी मात्र घरी परसात चुन्याची रेघ ओढली. गेल्या आठवड्यात नऊ महिने पूर्ण झाले म्हणून दोघं आली. दवाखान्याबाहेरच्या मोकळ्या जागेत तिनं लंगडी उडी मारली, वडिलांनी टेप धरला. डावा पाय १४० सेंटिमीटर. उजवा ११८. हिशेब तिनंच केला, “चौऱ्याऐंशी टक्के.” थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं विचारलं, “सर, नव्वदला किती लागतात?”

“एकशे सव्वीस.”

“म्हणजे आठ सेंटिमीटर,” ती म्हणाली. तालुका स्पर्धेची तारीख या वेळी तिनं विचारली नाही.